दोन घरांमधला बोळ

माझी आत्या पडेगावात राहते. वस्तीत तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, कारण सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची हयात गेली. आजूबाजूच्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन तिनंच दिलंय. त्यातले काही आता मिशा राखून फिरतात, पण आत्या समोरून आली की त्यांचा हात आपोआप दंडाकडं जातो. तिनं लग्न केलं नाही. का, हे विचारायची घरात कुणाची छाती झाली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “ड्युट्याच अशा लागत गेल्या माय, कवा करू?”

माझे वडील तिच्यापेक्षा लहान. त्यांना तिनं शिकवलं, आणि पुढं मला वकिलीला घालायचं तेही तिनंच ठरवलं. मला खरं म्हणजे बँकेत जायचं होतं. आत्या म्हणाली, “घरात एक नर्स हाय, एक मास्तर हाय, आता एक वकील पायजे.” जणू सामान भरायला निघाली होती. मी कोर्टात उभी राहायला लागले तेव्हा पहिला काळा कोट तिनंच शिवून घेतला. तो खांद्यात जरा मोठा झाला. “वाढशील त्यात,” असं ती म्हणाली, तेव्हा मी चांगली पंचविशीची होते.

तिच्या घराबद्दल सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. करमाडच्या पुढं आमचं गाव. तिथं आजोबांचं घर होतं, पण जागा आजोबांची नव्हती. एका शेतमालकानं आपल्या रानाच्या कडेला राहू दिलेलं. कुडाच्या भिंती, वर पत्रे. आत्या शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मालकाला तिथं गोठा बांधायचा होता. संध्याकाळी त्याचा माणूस आला आणि म्हणाला, “उद्या जागा मोकळी करा.” आजोबा ‘व्हय’ म्हणाले. आजी चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, पोरांना वाढलं आणि मग भांडी बांधायला घेतली.

“कुणी वरडलं असतं, शिवी दिली असती, तर राग तरी आला असता,” आत्या सांगते. “त्यो असं बोलला जसं शेळी दुसरीकडं बांधा म्हणतेत. आन आमी बी शेळीवानीच उठलो.”

म्हणून नोकरी लागल्यावर आत्यानं सगळ्यात आधी जागा घेतली. सोनं नाही, साड्या नाहीत. पडेगाव तेव्हा शहराच्या पार बाहेर होतं. मैत्रिणी हसायच्या, दौलताबादच्या रस्त्यावर माळरानात कोण राहायला जातं म्हणून. आत्यानं रीतसर प्लॉट पाहिला, खरेदीखत स्वतःच्या नावानं केलं, परवानगी काढली आणि दोन खोल्या बांधल्या. पुढं एक खोली वाढवली. पुढच्या खोलीत आजही घटनेची प्रस्तावना फ्रेम करून लावलेली आहे आणि तिच्या खाली आत्याची निवृत्तीच्या दिवशीची पांढऱ्या गणवेशातली तसबीर. पाहुणा आला की त्याला त्या दोन्हींच्या समोरच्या खुर्चीत बसवायचं, असा तिचा नेम होता.

शेजारी चाचा. त्यांचं गेट-ग्रिलचं दुकान पुढं आणि घर मागं. पडेगावातल्या कुठल्याही दारात उभं राहा, तिथलं लोखंडी फाटक चाचांच्या हातचं असण्याची शक्यता जास्त. उंच, वाकलेला माणूस, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं थोडं, आणि तेही ग्राइंडरच्या आवाजात बुडालेलं. चाची त्यांच्या अगदी उलट. ती परसातल्या भिंतीवरून जे बोलणं सुरू करायची ते भाजी चिरून, निवडून, फोडणीला पडेपर्यंत संपायचं नाही.

आत्या आणि चाचा एकमेकांशी बोलत नसत. कारण एक बोळ.

दोन घरांच्या मधे माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी मोकळी जागा आहे. आत्याचं म्हणणं, खिडकी उघडावी, वारं यावं म्हणून आपल्या प्लॉटातली हातभर जागा तिनं सोडली. चाचांचं म्हणणं, पत्र्याचं पाणी पडावं म्हणून ती त्यांनी सोडली. एका पावसाळ्यात चाचांनी तिथं लोखंडी अँगल उभे करून ठेवले आणि आत्याची खिडकी उघडेना. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मग शब्दच थांबले. ते थांबले ते वर्षानुवर्षं थांबले. अँगल तिथंच उभे राहिले, गंजले.

पण शेजार मात्र चालू होता. ईदला शीरखुर्म्याची वाटी भिंतीवरून यायची, वैशाखी पौर्णिमेला खीर भिंतीवरून जायची. निरोपांची पद्धत ठरलेली होती. चाचा तिथंच हातभर अंतरावर उभे असले तरी आत्या चाचीला म्हणायची, “ह्यांना सांगा, दुपारी ते यंत्र बंद ठिवा, रातपाळीत डोळ्याला डोळा नव्हता.” चाची मान वळवून चाचांना म्हणायची, “सुने?” आणि ग्राइंडर बंद व्हायचा. एकदा चाचांचं बोट कापलं तेव्हा आत्यानं त्याला टाके घातले. पूर्ण वेळ दोघंही चाचीशीच बोलले.

आणि मग एका सकाळी मला कोर्टात आत्याचा फोन आला.

“पोरी, कामात हायेस का?”

“बोल ना.”

“काय नाय, माझ्या घराला कुंकू लावून गेलेत.”

मला कळेना. संध्याकाळी गेले तेव्हा पाहिलं. पुढच्या भिंतीवर लाल रंगाची फुली आणि बाण होता, आणि बाजूच्या भिंतीवर एक उभी रेघ, वरपासून खालपर्यंत ओढलेली. रेघ स्वयंपाकघराच्या मध्यावर होती. म्हणजे रेघेच्या अलीकडं पुढची अख्खी खोली आणि निम्मा ओटा. रस्ता रुंद होणार होता. ज्या खात्याचं काम होतं त्याची माणसं सकाळी टेप घेऊन आली, रेघा मारल्या आणि जाताना तोंडी सांगून गेली, आठवड्याभरात आपापलं काढून घ्या, नाहीतर मशीन येईल.

“नोटीस दिली?” मी विचारलं.

“नाय.”

“काही कागद? सही घेतली?”

“रंगाचा डबा होता त्यांच्याजवळ, दुसरं काय नव्हतं.”

आत्या हसत होती, पण तिनं चहा केला तेव्हा साखर दोनदा घातली. मी तो तसाच प्यायले.

पुढच्या दोन-तीन दिवसांत वस्तीची हवा पालटली. रस्त्याकडच्या लोकांनी आपापले पत्रे, पायऱ्या, ओटे काढायला सुरुवात केली. त्यातले काही खरोखरच रस्त्याच्या जागेत पुढं आलेले होते, पण ज्यांचे पक्के कागद होते तेही हातोडा घेऊन उभे राहिले. किराणावाला म्हणाला, “सरकारी काम हे ताई, कोण आडवं जाणार?” बोलण्यात रागही नव्हता. आमच्या आजोबांनी म्हटलं होतं तसलंच ते ‘व्हय’ होतं.

रविवारी मी आत्याकडंच होते. बाहेर ठोकाठोक ऐकू आली म्हणून आम्ही दोघी दारात आलो. चाचा शिडीवर चढून आपल्याच दुकानाच्या शटरचे बोल्ट पान्यानं ढिले करत होते. खाली चाची उभी होती, तोंडाला पदर लावून. ती गप्प होती, एवढ्यावरूनच प्रकरण काय आहे ते समजलं.

आत्या चप्पल न घालता रस्त्यावर उतरली. शिडीपाशी गेली. मला वाटलं आता चाचीकडं पाहून बोलेल. पण तिनं मान वर केली आणि थेट म्हणाली, “भाई, खाली उतरा.”

चाचांचा हात थांबला. चाचीनं तोंडावरचा पदर काढला.

“वो तोडेंगे तो लोहा मुड जाता, सिस्टर,” चाचा शिडीवरूनच म्हणाले. “मैं निकालूं तो साबुत निकलता.”

“दुकान तुमचं हाय का नाय?”

“है तो.”

“रजिस्ट्री हाय?”

“है.”

“मग कुणी इच्चारलं का तुमाला? मला तर नाय इच्चारलं. न इच्चारता काढायला आपण काय दुसऱ्याच्या रानात राहतो का? उतरा खाली.”

चाचा उतरले. पाना खिशात घातला, पुन्हा काढला, कुठं ठेवावा कळेना म्हणून आत्याच्याच हातात दिला. आत्यानं तो घेतला. इतक्या वर्षांनी बोलल्यावर पुढं काय करायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. शेवटी चाचीच म्हणाली, “अंदर आओ सब. चाय चढाती मैं.”

त्या दिवशी चाचांच्या घरात बसून मी कायदा सांगितला. कोर्टात न्यायमूर्तींपुढं बोलताना माझी जीभ अडखळत नाही, पण या तिघांपुढं अडखळली. कारण हा हक्क मलाच नीट सरळ सांगता येत नव्हता. कॉलेजात मालमत्तेच्या हक्काचा तास असायचा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं नेहमी जमीनदार यायचा. जमिनी वाटपात जाऊ नयेत म्हणून याच हक्काचा आधार घेऊन मोठमोठे लोक कोर्टात गेले होते. पुढं घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला, तेव्हा आमच्यासारख्या घरांना त्याचं वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडं हिरावून घेण्यासारखं होतंच काय? पण हक्क पूर्ण गेला नाही. तो घटनेतच दुसऱ्या जागी राहिला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढं वाक्य उरलं. आणि त्या वाक्याच्या आडोशाला आता जमीनदार नव्हता. तीन खोल्यांची मालकीण असलेली माझी आत्या होती.

“मतलब सरकार नै ले सकती?” चाचांनी विचारलं.

“घेऊ शकते, चाचा. रस्ता सगळ्यांसाठी आहे, त्यासाठी घेऊ शकते. पण आधी नोटीस द्यायची, तुमचं म्हणणं ऐकायचं, रीतसर ठरवायचं, मोबदला द्यायचा. मग घ्यायचं. सुप्रीम कोर्टानं पुन्हा पुन्हा सांगितलंय, हा नुसता कागदावरचा हक्क नाही, माणसाचा हक्क आहे. मानवी हक्क.”

आत्या बशीत चहा ओतत होती. म्हणाली, “ऑपरेशनच्या आधी आमी सही घेतो तसं. पेशंटला बरं करायचंच असतं, तरीबी इच्चारल्याबिगर सुरी लावत नाय.”

“हां, तसंच.”

“मग माझं काय म्हणणं नाय रस्त्याला. रस्ता व्हायलाच पायजे. त्या वळणावर गाड्या अडकतेत. माझ्या डोळ्यादेखत एक बाळंतीण ॲम्ब्युलन्समधी अडकली होती. खिडकीतून आवाज येत होता तिचा. मी चालत जाऊन तिचं बाळंतपण तिथंच केलं.” मग म्हणाली, “पण इच्चारा की. मी नाय म्हनले असते का?”

कोर्टात जायचं ठरलं. दोघांची मिळून एकच याचिका करावी असं माझ्या मनात होतं, कारण प्रश्न एकच होता. आणि तिथंच गाडी अडली. याचिकेत प्रत्येकाच्या मिळकतीचं क्षेत्र आणि हद्दी लिहायच्या होत्या. मी दोन्ही खरेदीखतं समोर ठेवली, टेप घेतला आणि दोन्ही प्लॉट मोजले. दोन्ही खतं अस्सल होती, आणि दोन्ही मिळून जमिनीपेक्षा मोठी भरत होती. जेवढी जास्त भरत होती तेवढाच तो बोळ होता. तो दोघांच्याही कागदावर होता. समोरचा वकील पहिल्याच दिवशी उठून म्हणाला असता, यांची हद्द यांनाच ठाऊक नाही.

मी दोघांना समजावून पाहिलं. आत्या म्हणाली, “मग येगळी येगळी कर.” चाचा म्हणाले, “अलगच करो बेटा.” एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं ताबडतोब एकमत झालं.

मी दोन मसुदे लिहायला बसले. संध्याकाळची वेळ होती. आत्याच्या मागच्या खोलीत, बोळाकडच्या खिडकीजवळ टेबल होतं. खिडकी अर्धीच उघडत होती, अँगलला अडून. मला लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय आहे. वाक्य कानाला बरं लागलं की पुढं जाते. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातल्या मालमत्तेच्या कलमाचा आधार घ्यायचा होता, म्हणून त्याचा मराठी आशय मी वाचून पाहत होते. प्रत्येक माणसाला एकट्यानं, तसंच इतरांच्या सोबतीनं मालमत्ता धारण करण्याचा हक्क आहे, आणि ती कुणाकडूनही मनमानीनं काढून घेतली जाऊ नये.

“बेटा, फिर से पढो जरा.”

आवाज खिडकीच्या पलीकडून आला. चाचा त्यांच्या बाजूला भिंतीला टेकून उभे होते. किती वेळ उभे होते, देव जाणे. मी पुन्हा वाचलं.

“इतरांच्या सोबतीनं... मतलब साझे में भी चलता?”

“चालतं चाचा. का नाही?”

आत्या आत लसूण सोलत होती, तिचे हात थांबलेले मला दिसत होते.

“सिस्टर,” चाचा म्हणाले, “वो बोळ ऐसाच लिख डालते क्या? आधा-आधा नक्को. पूरा दोनों का.”

आत्या उठून खिडकीशी आली. तिच्या चेहऱ्यावर मी जन्मापासून पाहत आलेला एक भाव आला. पेशंट म्हणतोय ते खरं की गोळी टाळायला बोलतोय, हे तपासतानाचा.

“अँगल उचलणार का मग?” ती म्हणाली.

“हौ.”

“कवा?”

“अब्बी.”

आणि त्यांनी खरंच उचलायला सुरुवात केली. ते लोखंड इतकं गंजलं होतं की ओढताना भिंतीचा चुना खरवडून निघाला. खिडकी जोर लावल्यावर पूर्ण उघडली. बिजागऱ्या अशा किंचाळल्या की पलीकडून चाची धावत आली, काय पडलं म्हणून. आत्या म्हणाली, “काय नाय, भाईला म्हणावं हात सांभाळा, लोखंड गंजलंय,” आणि मग स्वतःच्याच ध्यानात आलं. ती खिडकीतून वाकून म्हणाली, “भाई, हात सांभाळा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागंल.”

मी दोन मसुदे फाडून एक केला. हद्दीच्या रकान्यात लिहिलं, उभय याचिकाकर्त्यांची सामाईक मोकळी जागा. वकिलीत मी पुष्कळ वाक्यं लिहिली, पण त्या ओळीवर सही घेताना मला जे वाटलं ते पुन्हा क्वचित वाटलं. बोळ दुसऱ्याचाही आहे हे मान्य केलं तेव्हाच तो त्या दोघांचा स्वतःचा म्हणून पक्का झाला, असं काहीतरी. नेमकं शब्दांत अजूनही येत नाही.

सुनावणीच्या दिवशी तिघंही एका रिक्षात बसून आले. आत्यानं ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती, चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, आणि चाचीनं सगळ्यांसाठी डबा आणला होता, कारण कोर्टात दिवस जातो असं तिनं ऐकलं होतं. मागच्या बाकावर तिघं ओळीनं बसली. आमचा नंबर दुपारी लागला. समोरच्या वकिलांनी सांगितलं की लोक स्वखुशीनं बांधकामं काढून घेत आहेत, म्हणजे त्यांची संमतीच आहे. न्यायमूर्तींनी विचारलं, नोटीस दिली का? भूसंपादनाची काही कार्यवाही? कुणाचं म्हणणं ऐकलं? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच होतं, आणि ते द्यायला समोरच्या वकिलांना कष्ट पडले. आदेश झाला. कायद्याची रीत पाळल्याशिवाय या मिळकतींना हात लावायचा नाही. नोटीस द्या, ऐकून घ्या, मग ठरवा.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर आत्यानं माझा दंड धरला. “झालं?”

“झालं.”

“एवढंच? मग हे त्यांना आधीच ठाऊक नव्हतं का?”

मी काही म्हणायच्या आत चाचा म्हणाले, “मालूम था सिस्टर. पूछने वाला कोई नै था.”

चाचीचा डबा आम्ही कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली बसून खाल्ला. खिमा होता, आणि आत्यासाठी वेगळी मेथीची भाजी, कारण ती बुधवारी मांसाहार करत नाही. हे चाचीला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं.

आदेशानंतर नोटिसा आल्या. फक्त या दोघांना नाही, अख्ख्या ओळीला आल्या. मग सुनावणीचा दिवस लागला. अधिकारी एक तरुण बाई होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी प्रत्येकाला खुर्ची दिली, ही गोष्ट वस्तीतले लोक अजून सांगतात. आत्याची पाळी आली तेव्हा मी शेजारी उभी होते, पण मला बोलायची गरज पडली नाही.

“माझी रस्त्याला हरकत नाय,” आत्या म्हणाली. “मी नर्स होते, रस्ता काय असतो मला कळतं. पण तुमची रेघ माझ्या ओट्यावरून गेली. समोरच्या अंगाला पडीक जागा हाय, सरकारचीच. थोडी रेघ तिकडं सरकत आसंल तर बघा. नसंल सरकत तर का सरकत नाय ते मला समजून सांगा. मग मी काय बोलणार नाय.”

बाईंनी लिहून घेतलं. नंतर नकाशा गुंडाळून स्वतः पडेगावात आल्या. उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजू चालत पाहिल्या. आत्याच्या स्वयंपाकघरात येऊन रेघेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. आत्यानं त्यांना लिंबू सरबत दिलं. त्या म्हणाल्या, पूर्ण नाही, पण काही प्रमाणात रेघ हलवता येईल, वरून मंजुरी घ्यावी लागेल. आणि का पूर्ण हलवता येणार नाही तेही नकाशा अंथरून समजावून सांगितलं. समोरच्या बाजूनं पाण्याची मोठी पाइपलाइन जात होती. आत्या चष्मा लावून नकाशावर वाकली होती. शेवटी म्हणाली, “हां, मग बराबर हाय.”

निकाल असा लागला की आत्याची पुढची खोली गेली, स्वयंपाकघर वाचलं. चाचांचं दुकान गेलं, घर वाचलं. दोघांना रीतसर मोबदला मिळाला, आणि ज्यांनी घाबरून आधीच भिंती पाडल्या होत्या, त्यांच्यापैकी कागद असणाऱ्यांनाही मिळाला. किराणावाला आत्याला पेढे द्यायला आला. आत्यानं एक घेतला आणि त्याला बजावलं, “पुढच्या खेपेला हातोडा घ्यायच्या आधी मला आवाज दे.”

चाचांनी पुढच्या चौकात गाळा घेतला. तिथलं शटर आपल्या जुन्या दुकानाचंच बसवलं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं, सवडीनं, एकही पट्टी न वाकवता काढलं होतं.

पुढची खोली काढायच्या दिवशी मी सुट्टी घेतली. आत्या रडेल असं मला वाटत होतं. सकाळी तिनं अंघोळ केली, रिकाम्या खोलीत मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. तसबिरी आदल्या दिवशीच मागच्या खोलीत गेल्या होत्या. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मजूर आले तेव्हा मुकादम दारात थबकला आणि म्हणाला, “सिस्टर, सुरू करू का?” त्याच्या दंडावरही आत्याच्या सुईची खूण असणार.

आत्यानं एकदा भिंतीवर हात ठेवला. “कर,” म्हणाली. मग आत गेली आणि मजुरांसाठी चहा टाकला.

संध्याकाळी धूळ बसल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात खुर्च्या टाकून बसलो. समोर थेट रस्ता. मी विचारलं, “आत्या, वाईट वाटतंय?”

“वाटतंय की,” ती म्हणाली. “का नाय वाटणार? माझ्या पगाराची खोली व्हती ती.” थोडा वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत राहिली. “पण आजीला तुझ्या असं वाईट वाटून बी घ्यायला मिळालं नव्हतं. भाकरी तव्यावर आन मानूस दारात. मला निदान इच्चारलं. मी कर म्हनले, तवा त्यानं केलं.”

आता आत्याच्या घरी जाणारा माणूस रस्त्यावरून थेट स्वयंपाकघरात पाऊल टाकतो. पहिल्यांदा आलेले लोक गोंधळतात, चुकीच्या दारानं आलो की काय म्हणून मागं फिरायला लागतात. आत्या गॅससमोरून न वळता म्हणते, “या, या, हेच पुढचं दार हाय.” वळणावर आता गाड्या अडकत नाहीत. एखादी ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत दारावरून सुसाट निघून जाते तेव्हा ती हातातलं काम थांबवून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते, आणि मग आलेल्या पाहुण्याला विचारते, चहात साखर चालती ना?